एक थांबला की सगळे पहिल्यापासून

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज सकाळी कॉलनीच्या ग्राउंडवर मी तोंडावर आपटले आणि एका पंचविशीतल्या पोरीला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. पहिला दिवस असा गेला.

बूटकॅम्प म्हणजे काय, तर सहाला शिट्टी वाजते, सातला सुटका होते, आणि मधल्या तासात स्वतःचं नावही आठवत नाही. उठाबशा, पळणं, ट्रकचा टायर उलटापालटा करत ग्राउंडच्या टोकापर्यंत नेणं, आणि बर्पी. बर्पी म्हणजे उभ्याचं आडवं व्हायचं, परत उठून उडी मारायची, आणि हे सगळं कोणी मागे लागलेलं नसताना. आमच्या ट्रेनरचं नाव पूर्वी. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, आधी कबड्डी खेळायची. तिचा नियम असा की एक थांबला की सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात करायची. आज दोनदा मी थांबले. सगळी दिंडोशी कॉलनी माझ्याकडे डोळे वटारून बघतेय असं वाटलं.

मला हौस आलेली नाही. माझ्या मोठ्या भावाचं, भीमराजदादाचं लिव्हर गेलंय. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. जुनी कावीळ आत दबा धरून बसली होती म्हणे. तरी पाहुणे कुजबुजतातच. चेतनावहिनीचा रक्तगट जुळत नाही, त्यांचा यज्ञेश अजून सोळाचा. राहिले मी. माझं सगळं जुळलं, पण डॉक्टर म्हणाले, "तुमच्याच लिव्हरवर चरबी आहे. वजन उतरवा, महिन्याभरानं परत स्कॅन करू. उतरलं नाही तर तुमचं लिव्हर घेता येणार नाही." बाबा गेल्यावर ज्यानं मला शिकवलं, उभं केलं, त्याचा जीव आता माझ्या पोटावरच्या वळ्यांवर येऊन ठेपलाय.

घरी आले तर प्रबुद्धनं मुगाची धिरडी करून ठेवलेली. लग्नाला अठरा वर्षं झाली, या माणसानं गॅसला लायटर लावलेला मी पाहिला नव्हता. म्हणाला, "तू मेहनत करणार, मग एवढं मी करायला नको?" कडेनं कुरकुरीत, मध्ये लुसलुशीत. मलाही अशी जमत नाहीत. मी चार खाल्ली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जिना उतरताना भिंतीला धरावं लागतं. पोस्टात काउंटरवर बसले की उठवत नाही. एका आजोबांना वाटलं मी त्यांना मान देऊन हळू उठतेय, त्यांनी आशीर्वाद दिला.

माझी जोडीदार जयंतीताई. शेजारच्या बिल्डिंगमधल्या, साठी ओलांडलेल्या, पण जीभ विशीतली. आज मी मध्येच बसले तेव्हा म्हणाल्या, "मीरा, तू बसलीस की मला परत पळावं लागतं गं. माझा गुडघा काय तुझ्या भावाला द्यायचा नाहीये." सगळे हसले. मीपण हसले. मग अचानक रडू आलं, ते मी घामात खपवलं.

पूर्वीनं सगळ्यांना व्हॉट्सॲप ग्रुपवर जेवणाचा फोटो टाकायला लावलंय. मी प्रबुद्धच्या नाचणीच्या सत्त्वाचा टाकला. तिनं डोळे बारीक केलेला चेहरा पाठवला. मासळीवर वाढलेली पोरगी, तिला सत्त्वातलं काय कळणार.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

चैन पडत नाही. बसले की वाटतं चालावं, चालले की वाटतं कुठे चाललेय. बसची वाट बघताना मी पायांच्या बोटांवर उभी राहत होते, शेजारची बाई सरकून उभी राहिली.

प्रबुद्ध आता रेल्वेच्या कारशेडमधलं काम आटपून येताना भाजी आणतो, मोबाइलवर कृती बघतो, स्वतःची भर घालतो. दुपारच्या डब्यात थालीपीठ, संध्याकाळी केळ्याचा शेक, आणि व्यायामानं हाडं दुखतात म्हणून डिंकाचे लाडू. "हे पौष्टिक आहे, यानं वजन वाढत नाही," म्हणतो. तेजल म्हणाली, "पप्पा, मला का नाही लाडू?" तर म्हणाला, "तुझ्या मम्मीचे आहेत ते, औषधाचे." पंधरा वर्षांची घोडी, गाल फुगवून बसली. मला मात्र बरं वाटलं. कोणीतरी फक्त माझ्यासाठी काही केलं की बाई मूर्खासारखी विरघळते, तशी मी विरघळले.

वजन हललेलं नाही. पूर्वी म्हणते स्नायू बनत असतील. म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

दादरला चैत्यभूमीवर जाऊन आलो. दरवर्षी रांगेत दादा पुढे, आम्ही मागे. मी लहान असताना त्याच्या खांद्यावर असायचे. या वर्षी पहिल्यांदाच तो आला नाही, घाटकोपरला घरातच बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली म्हणे. वहिनी फोनवर म्हणाली, डोळे पिवळे झालेत, पोटात पाणी भरतंय, आणि तरी विचारत होते रांग कुठपर्यंत आहे.

रांगेत माझे पाय एका जागी ठरत नव्हते. पुढच्या मावशी म्हणाल्या, "बाई, लघवीला जायचंय का, जागा धरते मी."

प्रबुद्ध मेणबत्ती लावून डोळे मिटून फार वेळ उभा होता. मी विचारलं, "काय मागितलंस?" तर म्हणाला, "आपल्यात मागत नाहीत." ते मलाही माहीत आहे. दादासाठीच काहीतरी मनात म्हटलं असेल त्यानं. दादानं त्याला आयटीआयला घातलं, कामाला लावलं, आमचं लग्न लावून दिलं. प्रबुद्ध दादासमोर अजून खुर्चीत टेकून बसत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

आता मी थांबत नाही. टायर उलटताना माझ्या तोंडून जो आवाज निघतो त्यानं ग्राउंडवरची कुत्री उठून जातात. जयंतीताई म्हणतात, मीराच्या अंगात येतं.

अंगात काय येतं ते मला माहीत आहे. पळत असताना ऑपरेशन आठवत नाही. थांबले की आठवतं. डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढून कुठे कापतील ते दाखवलं होतं. पेन ज्या सहजतेनं फिरलं ना, ते डोळ्यांसमोरून जात नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

स्कॅन झाला. चरबी जवळपास तेवढीच. डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "व्यायाम करताय म्हणता?" मी हातावरचे घट्टे दाखवले. त्यांनी जानेवारीअखेरपर्यंत वेळ दिलाय. दादाला त्याहून जास्त थांबवता येणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

बाहेर आले आणि समोरच्या गाडीवर पाणीपुरी खाल्ली. का खाल्ली, ते मलाच माहीत नाही. रडू यायला हवं होतं. त्याऐवजी हलकं वाटत होतं, शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यावर वाटतं तसं. हे लिहितानाही लाज वाटतेय. पण खोटंच लिहायचं तर लिहू कशाला?

वहिनीला फोन मी केला नाही, प्रबुद्धनं केला. "होईल वहिनी, ती जीव तोडून करतेय," असं म्हणाला. मग संध्याकाळी भाजी चिरताना चक्क गुणगुणत होता. मला धीर यावा म्हणून. बिचारा.

३१ डिसेंबर, बुधवार

कॉलनीत पार्टी. मी काही खाल्लं नाही. प्रबुद्धनं घरी डाएट खिचडी केली होती, ती खाल्ली. छान झाली होती. फारच छान.

६ जानेवारी, मंगळवार

आज पूर्वीशी भांडले. वर्ग संपल्यावर तिनं मला बाजूला घेतलं.

"ताई, मला उल्लू नका बनवू ना. एवढं करून वजन हलत नाही म्हणजे तुम्ही खाताय."

"मी घरचं खाते. माझा नवरा करतो."

"काय काय घालतो?"

"तुला काय करायचंय? तुझं काम शिट्टी वाजवायचं."

वर्गातले काही जण वळून बघायला लागले. ती चिडली नाही. आवाज खाली आणून म्हणाली, "माझा बाप बोटीवर असताना आई आठ दिवस नीट जेवायची नाही. तिला विचारलं की भांडायची. घाबरलेलं माणूस भांडतं, मला माहितीय ते." मी म्हटलं, मी कशाला घाबरू, आणि तरातरा निघाले. अर्ध्या रस्त्यात पाण्याची बाटली विसरल्याचं कळलं, तरी परत गेले नाही.

११ जानेवारी, रविवार

कसं लिहू.

सकाळी वर्गाहून आले. प्रबुद्ध तव्यापाशी, तेजल ओट्याला टेकून. मी चप्पल काढत होते तर ती सहज म्हणाली, "मम्मी, पप्पांना सांग ना, माझंपण धिरडं तुझ्यासारखं करायला. माझ्यात तूपच नाही घालत. तुझ्या पिठातपण घालतात, वरूनपण."

"तूप?" मी म्हटलं.

प्रबुद्धच्या हातात डाव तसाच राहिला. मी पिठाच्या पातेल्यात बोट घालून चाटलं. मग माळ्यावरचा डबा काढला, कारण त्यानं तिकडेच बघितलं होतं. तूप, साखर, दुधाची पावडर. मी तेजलला क्लासला पिटाळलं. क्लास दहाला असतो, ती काही न विचारता साडेआठलाच गेली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"दादानं तुझ्यासाठी काय केलंय, विसरलास?"

"विसरलो असतो तर तोंडावर 'नाही' म्हटलं असतं ना मीरा! त्यांच्यासमोर माझ्या तोंडून 'नाही' निघतच नाही. वहिनी रडल्या, सगळे माझ्याकडे बघत होते, मी म्हटलं हो, करू. आणि घरी आलो तर तू झोपलेली होतीस. तेजलच्या अंगावर हात टाकून. मला वाटलं, ही गेली तर?"

"आणि दादा गेला तर?"

त्यानं गॅस बंद केला. "तर मला आयुष्यभर तोंड दाखवता येणार नाही. ते मला चालणार होतं," म्हणाला, आणि खाली बसला. जमिनीवरच, ओट्याला पाठ लावून. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. खुनी म्हटलं, एवढं लिहिते. त्यानं मान हलवली.

संध्याकाळ. मघाशी लिहिलेलं वाचलं. सगळं खरं आहे, पण अर्धंच आहे.

दुसऱ्याच्या घरच्या वरणात हिंग जास्त पडला तर मी पहिल्या घासाला सांगते. कढी फुटायच्या आधी मला वासावरून कळतं. सासूबाई म्हणायच्या, हिची जीभ नाही, तराजू आहे. आणि माझ्या पुढ्यातल्या धिरड्याला तूप सुटत होतं, बोटं ओशट व्हायची, ती मी टॉवेलला पुसायचे, ते मला दोन महिने कळलं नाही?

कळत होतं. पहिल्या चार धिरड्यांपासून कळत होतं. त्यानं घातलं आणि मी खाल्लं. सकाळी ग्राउंडवर जाऊन मी सगळ्या जगाला दाखवत होते की बघा, मी दादासाठी किती करतेय. घरी येऊन ते सगळं खाऊन टाकत होते. खुनी त्याला एकट्याला म्हणायचा मला अधिकार नाही.

मला भीती वाटते. भूल दिल्यावर जाग आली नाही तर, याची. पोट फाडलेल्या अवस्थेत जाग आली तर, याची. तेजलच्या लग्नात वहिनी माझ्या जागी उभी असेल, याची. दादाचा जीव वाचावा असं मला मनापासून वाटतं आणि मला मरायचं नाही, असंही मनापासून वाटतं. आजवर एकाही माणसाला यातलं मी काही बोललेले नाही.

१२ जानेवारी, सोमवार

प्रबुद्धला बोलले. भाजी निवडता निवडता म्हटलं, "मला तुपाचं कळत होतं." त्यानं माझ्यासमोरची भाजी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "मग मला शिव्या का घातल्यास?" मी म्हटलं, "कोणाला तरी घालायला हव्या होत्या." आम्ही दोघं हसलो, घाणेरडं हसलो, आणि मग तो हुंदके देऊन रडला. मी त्याला विचारलं, मी नाही म्हणू का दादाला. तो म्हणाला, "ते मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तू माझ्यावर ढकलशील."

बरोबर आहे. ढकललं असतं.

मी ठरवलं. देणार. उपकार फेडायचे म्हणून नाही. तसं म्हटलं की अंगावर काटा येतो, आपण व्याजासकट परत करायला निघालोय असं वाटतं. दादा या जगात हवा आहे, एवढंच. स्वयंपाक आजपासून माझा मी करणार.

१९ जानेवारी, सोमवार

पूर्वीची माफी मागितली. तिला सगळं सांगितलं, तुपासकट. तिनं शिट्टी चघळत ऐकलं आणि म्हणाली, "नवऱ्याला घेऊन या."

प्रबुद्ध आला. कडेला पायरीवर बसायला गेला तर ओरडली, "ओ भाऊ, इथे बसायची सोय नाही!" पाच बर्पींत त्याची वाट लागली. तो थांबला, आम्ही सगळे पहिल्यापासून. तो परत थांबला, आम्ही परत पहिल्यापासून. जयंतीताई म्हणाल्या, "मीरा, हा तुझाच नवरा शोभतो." शेवटी भिंतीपाशी जाऊन उलटी केली, तोंड पुसलं आणि परत येऊन रांगेत उभा राहिला. घरी येताना भिंतीला धरून जिना चढला. उद्या मात्र माझ्याआधी उठणार असं म्हणाला.

वजन उतरतंय. काट्यावर पाय ठेवायची भीती वाटते आणि आकडा कमी दिसला की आणखीच वाटते.

२७ जानेवारी, मंगळवार

स्कॅन चांगला आला. डॉक्टर म्हणाले, "अशी डोनर असावी." मला हसू आलं. माझी पाणीपुरी या माणसाला माहीत नाही.

संध्याकाळी दादाचा फोन. आवाज इतका बारीक झालाय की मोबाइल कानात दाबावा लागतो.

"मीरे, ते तुला एकटीला आत बोलावून विचारतील. तेव्हा नको म्हणालीस तर मला कारण सांगत नाहीत. 'जुळत नाही' एवढंच सांगतात. मी विचारून घेतलंय डॉक्टरांना."

"तू कशाला विचारलंस?"

"तुला माहीत असावं म्हणून. मला कधीच कळणार नाही, बाय."

किती दिवसांनी बाय म्हणाला मला, लहानपणी म्हणायचा तसं. मी म्हटलं, "तू जरा पडून राहा, फार बोलतोस." फोन ठेवल्यावर मी बिल्डिंगला तीन-चार चकरा मारल्या. वॉचमन विचारत होता काही हरवलंय का.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज कमिटीपुढे जायचं होतं. ऑपरेशनआधी दात्याला आणि घरच्यांना समोर बसवून विचारतात, कॅमेरा लावून. आधी मी एकटी. एक वयस्कर डॉक्टरबाई होत्या, त्यांनी विचारलं, "तुमच्यावर कोणाची जबरदस्ती?" मी म्हटलं, "नाही." "भीती वाटते?" मी म्हटलं, "हो, खूप." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग नको म्हणू शकता. इथून बाहेर काही जाणार नाही."

दोन महिने मी ज्या दाराची वाट बघत होते, ते त्यांनी असं उघडून धरलं. मी खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हटलं, "भीती वाटते म्हणून सांगितलं, मॅडम. द्यायचं नाही असं कुठे म्हटलं?"

नंतर प्रबुद्धला बोलावलं. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला, हात मांडीवर.

"पत्नीच्या या निर्णयाला तुमची हरकत आहे?"

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं. कॅमेऱ्यामागचा माणूस मान वर करून बघायला लागला. मला वाटलं आता हो-हो करेल, त्याची सवयच ती.

"आहे," प्रबुद्ध म्हणाला. "मला ती हवी आहे, धडधाकट. पण पोट तिचं आहे आणि भाऊ तिचा आहे. माझी हरकत लिहून घ्या, आणि सही कुठे करायची ते दाखवा."

बाहेर बाकावर दादा शाल गुंडाळून बसला होता, शेजारी वहिनी. उठायला गेला, प्रबुद्धनं त्याला खाली बसवलं आणि स्वतः त्याच्याशेजारी बसला. टेकून बसला. म्हणाला, "दादा, एक सांगायचंय. हिचं वजन उतरू नये म्हणून मी दोन महिने हिच्या जेवणात तूप घालत होतो. तुम्हाला मिळू नये म्हणून."

मी त्याचा दंड धरला, पण तो सांगून मोकळा झाला होता. वहिनीच्या हातातली फाइल घसरली, ती कोणी उचलली नाही. दादानं अंगावरची शाल सारखी केली. पिवळ्या डोळ्यांत काय होतं ते मला वाचता आलं नाही. मला वाटलं, इतक्या वर्षांचं सगळं आज इथे या बाकावर संपलं.

"चेतनावर अशी वेळ आली असती," दादा हळूहळू म्हणाला, "तर मीपण हेच केलं असतं. पण मला साला चहासुद्धा करता येत नाही."

"खरंय ते," वहिनी म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

दादानं प्रबुद्धच्या मांडीवर हात ठेवला. काठीसारखा झालेला हात, नखं पिवळी. म्हणाला, "ही ऑपरेशनातून उठली की मला शिकव." प्रबुद्धनं तो हात दोन्ही हातांत घेतला आणि वहिनी बाकावरून उठेपर्यंत सोडला नाही.

ऑपरेशन येत्या सोमवारी आहे.